मोगऱ्याला जाणारं दूध

“सिस्टर, आईचं दूध घरनं डब्यातनं आणलं तर चालतं का?”

विचारलं बाई मी! दाराआड माझ्या वर्गातल्या छकुली आणि रोहिणी तोंड दाबून हसत होत्या. माझ्या मोईनभाईचा दहा दिवसांचा पोरगा वाजिद बारामतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत हाय. शाळा सुटली की मी रोज त्याला बघून मगच घरी जायला अंथुर्ण्याची एसटी धरते. आज या दोघी चिकटल्या. “सिमरन, असलं विचारून दाखव, वडापाव आमच्याकडनं!”

सिस्टर मात्र हसल्या न्हायत. “आण की गं! दोन महिने आधी आलेलं पोर, पावडरचं दूध पचंना, पोट फुगतंय. तुझ्या मोईनभाईला चार दिवस सांगतेय, तो नुसता लाजून मान हलवतो.”

म्हणजे भाईनं घरी सांगितलंच नव्हतं! आणि घरी मेहजबीनभाभी बाळंतपणाचे चाळीस दिवस अंगणाबाहेर पाऊल टाकणार न्हाय. दाटलेलं दूध पिळून ती मोगऱ्याच्या बुडाशी ओतायची. मोरीत ओतलं तर आटतं म्हणतात. मोगरा कसला टरारलाय! पोर तिकडं सव्वा किलोचं.

सिस्टरनी सगळं समजावलं. हात धुवायचे, बाटली उकळायची, वर वेळ लिहायची, बर्फात घालून आणायची. एसटीत मला बसवेचना.

घरी पोचले तर भाभी वाटी घेऊन अंगणात निघालेली.

“भाभी, थांब! ओतू नको!”

एका दमात सगळं सांगितलं. अम्मी कपाळाला हात लावून म्हणाली, “बया! दूध गावाबाहेर न्यायचं? नजर लागून आटलं म्हंजी?”

अब्बा विकायच्या कुल्फीची पेटी पुसत होते.

भाभी एकदम बोलली, “अम्मी, मला त्याला बघाय मिळंना. माझं दूध तरी जाऊ द्या.”

अम्मीनं तिच्या हातातली वाटी घेतली. हळूच म्हणाली, “पर रोज नेणार कोण?”

“मी! ठरलंय माझं. उद्यापासनं साडेसहाची एसटी. आधी दवाखाना, मग शाळा. अब्बा, तुमची छोटी पेटी मला पायजे, बर्फासकट. अम्मी, बाटल्या उकळायचं तुझ्याकडं. आन् एसटीत कुणी विचारलं ना पेटीत काय हाय, तर मी मोठ्यांदा सांगणार, आमच्या वाजिदचं दूध!”