न वाजणारा खाऊ

खांद्याला तपकिरी आणि पोटाला पांढरी अशी मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे, मित्रांनो. भट्टीत भाजून निघाले आणि भुसावळच्या बाजारात येऊन बसले. तिथे दिपमालाताईंनी मला टिचकी मारून पाहिली, आवाज पसंत पडला, आणि मी सावद्याला त्यांच्या घरी आले.

आश्विन लागला, की बांधावरची लिंबे पिवळी होत. ताई ती साखरेत मुरवायला माझ्यात भरून मला धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उन्हात ठेवत. पाहुणे बोटे चाटत आणि मी उगाच फुगून बसे.

गेल्या वर्षी माझे झाकण फुटले. त्या गडबडीत ताईंनी मला धुतले आणि लगेच भरले. आठ दिवसांत बुरशी आली. "या बरणीलेच दोष हाये," म्हणत त्यांनी मला मागच्या अंगणात ठेवले. वर्षभर माझ्यात केरसुण्या उभ्या होत्या. फार वाईट वाटले हो! पण मी बोलणार कशी?

यंदा भुलाबाई बसली. या सणात आमच्याकडे महिनाभर मुली रोज एकीच्या घरी गाणी म्हणतात आणि झाकलेला खाऊ हलवून, आवाजावरून ओळखतात. ताईंच्या मयुरीचे केळ्याचे वेफर्स तिची मैत्रीण पुनम दरवर्षी पहिल्याच खडखडाटात ओळखायची. यंदा शेवटचा दिवस, कोजागिरी, मयुरीकडे होता.

"आई, मले न वाजणारा खाऊ पाहिजे," म्हणत तिने मला उचलले.

"त्या बरणीत नको भरू व! यंदा नासलं, तं तिले उकिरड्यावर टाकजो," ताईंनी बजावले.

लेकीने मात्र ऐकले नाही. मयुरीने मला घासूनपुसून तीन दिवस उन्हात पालथी ठेवली, मग लिंबे भरली. केळीच्या खोडाचे वाळके सोपट, म्हणजे साल, भिजवून तिने दोऱ्या वळल्या, गोल झाकण विणले आणि त्याच्या काठाला ज्वारीची दोन कणसे बांधली. असा साज मला नवी असतानाही मिळाला नव्हता.

कोजागिरीच्या संध्याकाळी मुलींनी मला हलवले. काहीच वाजले नाही.

"रिकामी हाये व!" पुनम म्हणाली.

"रिकामी नही," मयुरी हसली.

शिरा, पेढे, बासुंदी, सगळी नावे घेऊन झाली. मला मात्र धडकी भरली होती. आत बुरशी असली तर? स्वतःच्या पोटात मला कुठे डोकावता येते!

झाकण निघाले आणि लिंबाचा आंबटगोड वास अंगणभर पसरला. पुनमने हार मानली आणि पहिले बोट तिनेच चाटले. ताई मात्र वाकून आत बघत राहिल्या.

"बरणी चांगलीच व्हती व," त्या हळूच म्हणाल्या. "मीच ओली भरली व्हती."

मित्रांनो, वर्षभर मी याच शब्दांची वाट पाहत होते. आता मी पुन्हा फडताळात आहे आणि केरसुण्या दाराआड गेल्या आहेत. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. भांडे धुतलेत, की नीट वाळू द्या. आणि कुणाला नासके ठरवून टाकण्याआधी तीन दिवस ऊन दाखवून बघा.