सेटिंगची फाईल घेऊ नये

२००१ सालचा जुलै. हर्षल माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"छायाताई, ही स्क्रिप्ट आहे की निबंध?"

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करायची. बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचना, चालवून ग्राहकांसाठी सीडी तयार करणं माझं काम. कुठली फाईल सीडीवर कॉपी करायची, कुठली नाही, हे त्या स्क्रिप्टमध्ये असे. प्रत्येक ओळीवर मी कारण लिहायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'सेटिंगची फाईल घेऊ नये. प्रत्येक काट्याची सेटिंग वेगळी. आपली गेली की त्यांची पुसते.'

"सरसकट सगळ्या घ्या," हर्षल म्हणाला. वयाने माझ्या मुलाएवढा, पण साहेब. "आणि हे कारणबिरण काढा."

"फाईल घेते. कारण राहील."

मी ओळ बदलली आणि वर लिहिलं, 'हर्षलसाहेबांच्या सांगण्यावरून घेतली. माझी हरकत आहे. छाया, १२ जुलै.'

आठवड्याने देवळ्याहून तिथला काटा सांभाळणाऱ्या खंडेरावांचा फोन आला.

"ताई, काट्यावर काय नाय, तरी तीन क्विंटल दाखवतंय. नवी सीडी घातली अन् हे झालं. कांद्याचे ट्रॅक्टर उभे हायेत. लोक लय तापलेत."

"काटा बंद ठेवा, खंडेराव. मी जुनी सेटिंग घेऊन येते."

एसटीने जाऊन काटा सुरू करून आले, आणि ती फाईल स्क्रिप्टमधून पुन्हा वगळली. दुसऱ्या दिवशी कळलं, हर्षलने मालकांना सांगितलं होतं, बाईंकडून चूक झाली. मग तोच माझ्याकडे आला.

"शेठ स्क्रिप्ट बघणार आहेत. तेवढी माझ्या नावाची ओळ काढा ना, ताई."

मी स्क्रिप्ट होती तशी छापून मोतीरामशेठच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली.

"साहेबाचं नाव असं लिहितात होय? नाव काढा, बाई."

"मग माझंही काढा. आणि उद्यापासून सीडी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

शेठनी कागद परत माझ्याकडे सरकवला. "राहू द्या," म्हणाले. "पण बढतीचं यंदा विसरा."

"विसरले."

हर्षल वर्षभराने पुण्याला गेला; मोठा झाला म्हणतात. खंडेराव २००६ मध्ये वारले. शेठनी पुढे कंपनी विकली. बढती मला कधीच मिळाली नाही. २००८ साली निवृत्त झाले, त्या दिवशी शेवटची सीडी करायला स्क्रिप्ट उघडली. सेटिंगची फाईल वगळलेली होती. त्या ओळीच्या वर माझी हरकत, तारखेसकट, तशीच होती. खाली नव्या पोरांनी आपापली कारणं लिहिली होती, आपापल्या नावानिशी.