उलटा चालणारा रंधा

मी रंधा. लाकडावर फिरवून ते गुळगुळीत करतात, तोच. पण तुमच्या ओळखीच्या रंध्यांमध्ये मला शोधू नका. ते पुढे ढकलले की काम करतात, मला आपल्याकडे ओढावं लागतं. एवढा एक फरक लक्षात ठेवा, कारण माझं सगळं बरंवाईट त्या फरकामुळेच घडलं. आणि आधीच सांगून ठेवतो, मी मनाने फार चांगला नाही. मी सूड घेतला आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

माझा जन्म जपानातला. एका म्हाताऱ्या लोहाराने जुन्या जहाजाच्या नांगराची साखळी तापवली, ठोकून चपटी केली आणि तिच्यावर कडक पोलादाचा पातळ थर बसवला. नुसतं पोलाद धारेला चांगलं, पण धक्का बसला की तडकतं. मऊ लोखंड त्याला धरून ठेवतं. असं माझं पातं झालं. पात्याला बसायला पांढऱ्या ओकचा ठोकळा. त्याला मूठ नाही, स्क्रू नाही. पातं खाचेत घट्ट बसतं, बस. पात्यावर हलकं ठोकलं की ते बाहेर येतं, ठोकळ्याच्या मागच्या टोकावर ठोकलं की आत जातं. तेवढी समज असलेला माणूस मला पुरतो.

तसा माणूस मला पहिल्याच फटक्यात मिळाला. तो देवळं बांधणारा सुतार होता. जमिनीवर बसायचा, फळी पायाने दाबून धरायचा आणि मला छातीकडे ओढायचा. तीस वर्षं. तो गेला आणि त्याच्या मुलीने मला एका दुकानात दिलं. तिने मला पुसून दिलं होतं, म्हणून तिच्यावर माझा राग नाही.

त्या दुकानातून मला धर्मेंद्र साहेबांनी उचललं. ते मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत इंजिनिअर. जपानला प्रशिक्षणासाठी आले आणि परत जाताना सात हत्यारं घेऊन गेले. चार पटाश्या, एक करवत, एक हातोडी आणि मी. मलाजखंडच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये काचेचं कपाट होतं. त्यात आम्ही बसलो ते बारा वर्षं.

साहेब वाईट नव्हते. दर रविवारी पिवळ्या फडक्याने आम्हाला पुसायचे. पाहुणे आले की कपाटाचा दिवा लावायचे. पाहुणे ‘वा’ म्हणायचे आणि चहाकडे वळायचे. एकदा साहेबांनी मला टेबलावर उभ्याने ओढून पाहिलं. पातं फार बाहेर आलेलं होतं, फळीचे नुसते चिंध्यांसारखे तुकडे निघाले. त्यांनी मला गुपचूप परत ठेवलं. धार असलेल्या वस्तूला बारा वर्षं नुसतं बघत राहावं लागणं ही शिक्षाच आहे, पण ती त्यांना कळत नव्हती. म्हणून त्यांचंही मी सोडून दिलं.

मग धम्मपाल आला.

साहेब रिटायर होणार होते. आम्हा सात जणांना नेण्यासाठी त्यांना सागवानाची पेटी करून घ्यायची होती. बालाघाटच्या एका फर्निचरच्या दुकानातून मापं घ्यायला कारागीर आला. बावीस-तेवीस वर्षांचा, सडपातळ, बोलताना खाली बघणारा. त्याने मापं घेतली आणि कपाटासमोर थांबला.

“काय रे, काय पाहतोस?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही साहेब.”

तो असाच. कोणी काही विचारलं तर आधी ‘काही नाही’ म्हणायचा.

“हातात घ्यायचाय?”

त्याने दोन्ही हात पँटला पुसले. मला उलटं केलं, खिडकीजवळ नेलं, तळावर अंगठा फिरवला. “हा आपल्याकडं येते का साहेब?”

“कोणी सांगितलं तुला?”

“कोणी नाही. घासल्याच्या रेघा पाह्यल्या. उलट्या हायेत.”

साहेब खुर्चीत बसले. धम्मपालने पिशवीतून आपला दगड काढला, तांब्याभर पाणी मागितलं आणि अर्धा तास माझं पातं घासलं. मग तो फरशीवर बसला, फळीवर पाय ठेवला. त्या पायाचा अंगठा बघून मला तो देवळं बांधणारा सुतार आठवला. धम्मपालने मला छातीकडे ओढलं आणि फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सालपट निघालं, कुठेही न तुटता.

साहेबांच्या पत्नी संध्याबाईंनी ते उचलून डोळ्यांसमोर धरलं. “अहो, यातून मला तुमचा चष्मा दिसतोय.”

साहेबांनी ते सालपट हातात घेतलं. मग म्हणाले, “पेटी याच रंध्याने कर. आणि झाल्यावर परत आणू नकोस. हा तुझा.”

“नाही साहेब. लय महाग असन.”

“बारा वर्षं माझ्याकडे तो फुकट गेला. घे.”

धम्मपालने मला आपल्या गमछ्यात गुंडाळलं. मोटारसायकलवर मी त्याच्या पोटाशी होतो. बैहरचा घाट उतरताना तो एक हात माझ्यावर ठेवून होता. माझं सुख तेवढ्या रस्त्याएवढंच टिकलं.

दुकान राजेंद्र सेठचं. गमछा सुटताच त्याने मला उचललं. “हे काय आणलं बे?”

“साहेबानं देलं.”

“कोणाले? तुले?” सेठ हसला आणि बाकीचे कारागीरही हसले, कारण सेठ हसला होता. “साहेबाच्या घरी कोणाच्या नावानं गेलता तू?”

“दुकानाच्या.”

“मंग दुकानाच्या टायमात जे भेटलं ते दुकानाचं. सीधी बात आहे.”

“पण सेठ, साहेब म्हणले...”

“तुह्या बापानं तिरोडीच्या खाणीत दगडं फोडले. तुह्या सात पिढीत कोणी रंधा धरला होता का? तुले इथं बसवलं, हत्यार हातात देलं, हे का कमी झालं?”

धम्मपालचे कान लाल झाले. त्याने जमिनीकडे पाहिलं. “हौ सेठ,” तो म्हणाला.

तो ‘हौ’ माझ्या पात्यात रुतला. त्याने उलट शिवी दिली असती तर मी कदाचित विसरलो असतो. धम्मपालने तिथे गिळलं ते मी माझ्याकडे ठेवून घेतलं. पोलाद गंजतं, पण विसरत नाही.

सेठने काउंटरवर काचेची पेटी आणली. आत लाल मखमल अंथरली, तिच्यावर मला ठेवलं आणि फोटो काढून मोबाईलवर स्टेटस टाकलं, ‘जापानी हत्यार, हाथ का काम’. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, “बारीक काम मी खुदच करतो जी. कारागिराच्या भरोशावर नाही सोडत.” लोकांना हे बरं वाटतं. वस्तू कोणी केली हे त्यांना विचारायचं नसतं, कोणीतरी मोठ्याने सांगितलं की पुरतं.

साहेबांची पेटी धम्मपालने दुकानातल्या जुन्या रंध्याने केली. माझ्यापासून दहा हातांवर बसून. कोपऱ्यांचे सांधे असे की केसही आत जाणार नाही. येता-जाता तो माझ्याकडे एकदा बघायचा. एकदा त्याने काचेला बोट लावलं.

“डाग पडते बे,” सेठ म्हणाला.

मी वाट बघत होतो. हत्याराला वाट बघता येते.

साहेब पेटी न्यायला येणार त्या दिवशी सेठने धम्मपालला सकाळीच परसवाड्याला पाठवलं, एका घराची चौकट बसवायला. दुपारी साहेब आणि संध्याबाई आले. साहेबांनी पेटीचं झाकण चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं.

“कोणी केली?”

“आमीच जी. तुमच्याच जपानी रंध्यानं.”

“आणि धम्मपाल?”

“तो असते ना, उचल-ठेव कराले.”

साहेबांनी सेठकडे नीट पाहिलं. आवाज मात्र गोडच ठेवला. “मग जाण्याआधी एक सालपट काढून दाखवा. हिला फार आवडलं होतं.”

सेठने मला काचेतून काढलं. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, कारागीर पवन होता. सगळे जवळ आले. सेठने शर्टाच्या बाह्या सरकवल्या, मला फळीवर ठेवलं आणि ढकललं.

मी पाटीवरून विटकर सरकते तसा सरकलो. एक कण निघाला नाही. त्याने जोर लावला. परत काही नाही.

“पातं आत हाय. बाहेर काढा लागन,” तो म्हणाला आणि खिळे ठोकायची हातोडी उचलली.

श्रावण होता. महिनाभराची ओल माझ्या ओकने प्यायली होती आणि पात्याला मुठीसारखं आवळून धरलं होतं. तुम्ही म्हणाल, ओल होती, लाकूड फुगलं होतं, त्यात तुझं काय? असू दे. मी काय केलं ते मला माहीत आहे. मी थोडा सैल झालो असतो तर वाचलो असतो. मी दात आवळले.

पहिला घाव बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला माझं अंग तोंडापासून टोकापर्यंत उभं फाटलं आणि पातं सेठच्या पायापुढे पडलं.

साहेब वाकले, पातं उचललं. “मी याला बारा वर्षं वापरलं नाही,” ते म्हणाले, “पण एवढं मलाही माहीत आहे, हा ढकलायचा नसतो. ज्याला मी दिला होता त्याला तर न सांगता कळलं होतं.”

सेठने हातोडी खाली ठेवली. “जपानी माल नावालेच असते साहेब,” तो म्हणाला, पण आवाज त्याचा नव्हता. एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याकडे पाहिलं. पवन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

माझे दोन तुकडे झाले होते आणि इतकं सुख मला कधीच झालं नव्हतं.

साहेबांनी मला रुमालात बांधलं. मलाजखंडला जाता जाता, पवनकडून पत्ता घेऊन, ते परसवाड्यात थांबले. धम्मपाल चौकटीला पाचर मारत होता. त्याने रुमाल सोडला आणि नव्या उंबऱ्यावर बसला.

“काहून फुटला जी हा?”

साहेबांनी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा हसेल. निदान गालात. सेठची फजिती मी याच्यासाठीच तर केली होती. पण तो हसला नाही. त्याने माझे दोन तुकडे एकमेकांना जुळवले आणि मोडलेलं हाड धरावं तसे धरून ठेवले. मग पात्याच्या धारेवर अंगठा फिरवला.

“पातं चांगलं हाय,” तो म्हणाला.

तेव्हा मला थोडी लाज वाटली. थोडीच.

तो दुकानात परत गेला नाही. तिरोडीला, आपल्या घरी आला. गावात डोमाजी नावाचा म्हातारा आहे. त्याच्या मोडक्या बैलगाडीचा आख, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, परसात पडून होता. धावड्याचं लाकूड, चाळीस पावसाळे खाल्लेलं.

“हे लोखंडापेक्षा खराब हाय बावा, तुह्या पटाश्या मोडतीन,” डोमाजी म्हणाला.

“मोडू दे काका.”

पहिला ठोकळा बिघडला, पातं डोकावतं ते तोंड मोठं झालं. दुसऱ्याला अकरा दिवस लागले. धावडा सहजासहजी ऐकत नाही. मीही ऐकत नाही. म्हणून आमचं जमलं. आता माझं पातं जपानचं आहे आणि अंग बालाघाटच्या जंगलाचं.

दिवाळीनंतर सेठची गाडी गल्लीत येऊन थांबली. धम्मपाल अंगणात खाली बसून माझ्याने फळी गुळगुळीत करत होता.

“बरा हायेस ना धम्मपाल?”

“हौ सेठ. बसा.”

सेठ बसला नाही. “साहेबाची पेटी पाहून तीन जणं आले. त्याहिले तसंच काम पाह्यजे. चाल, उद्यापासून ये. मनात असन तं तुहं नाव बोर्डावर टाकतो.”

शेजारपाजारचे दारांत आले होते. धम्मपालने मान वर केली नाही. मला भीती वाटली, आता तो पुन्हा ‘हौ’ म्हणेल. मग मात्र मी त्याचंच बोट कापलं असतं.

“नाही सेठ,” तो म्हणाला.

“मंग तो रंधा दे. दुकानात आलेली वस्तू दुकानाची. फुटकी असो का साबूत.”

धम्मपाल उठला, आत गेला आणि साहेबांचा रुमाल घेऊन आला. त्यात ओकचे दोन तुकडे होते. त्याने ते दोन्ही हातांनी सेठपुढे धरले, पाहुण्याला द्यावं तसे. “घ्या. तुमच्या दुकानात फुटला तो हा. तुमचाच हाय.”

“आन् पातं?”

धम्मपाल परत खाली बसला. फळीवर पाय ठेवला, मला छातीकडे ओढलं. सालपट वर उठलं, वळलं आणि सेठच्या बुटावर जाऊन पडलं.

“पातं ज्याले धार लावता येते त्याचं असते सेठ.”

एवढं लांब वाक्य तो सेठसमोर पहिल्यांदाच बोलला. दारातून कोणीतरी बाई खुदकन हसली. सेठ ते दोन तुकडे घेऊन गाडीत बसला. पुढे त्याने ते कुठे फेकले मला माहीत नाही. ते माझंच अंग होतं, पण मी त्याच्यासाठी हळहळलो नाही. ते कामाला आलं.

धम्मपालच्या मनात आता सेठबद्दल काही नाही. तो मऊ लोखंडाचा आहे, आणि मला धरून ठेवायला तसंच कोणी लागतं. माझ्या मनात मात्र आहे, आणि राहील.

परवा पवन येऊन सांगून गेला. सेठने काचेच्या पेटीत आता प्लास्टिकची फुलं ठेवली आहेत. पण काउंटरवर ऊन येतं. तिथली मखमल रंग उडून गुलाबी झाली आहे आणि मधोमध, मी होतो तिथे, एक चौकोन अजून गडद लाल आहे. फुलं कितीही सरकवली तरी तो झाकला जात नाही.

तर माझी एक विनंती आहे. बालाघाटला गेलात तर त्या दुकानात जा. काही घेऊ नका. काउंटरजवळ उभे राहा, त्या चौकोनाकडे बोट करा आणि साध्या, गोड आवाजात विचारा, “सेठ, इथं काय होतं जी?”

आणि मग उत्तर ऐकून घ्यायला थांबा. त्याला जितका वेळ लागेल तितका वेळ.