फोटोपुरती तपासणी

मी एक जुनं ईसीजी यंत्र आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं तापलेलं आहे. हातापायांना आणि छातीला माझ्या वायरी लावल्या की हृदयाची चाल मी कागदावर रेघांनी उमटवतो. एवढंच माझं काम. पण तेही मला धड करू दिलं नाही!

कारखान्यातून निघालो तो थेट इस्पितळात. तिथे वर्षानुवर्षं खपलो. घाबरलेल्या आजोबांना नर्सबाई सांगायच्या, "शॉक लागत नाही हो याचा!" मग नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी एका क्रीडासंकुलाच्या दवाखान्यात झाली. मला आनंदच झाला. धावणाऱ्या पोरांची हृदयं तपासायची, केवढं मानाचं काम!

कसला मान नि कसलं काय! उद्घाटनाला पाहुणे आले. संकुलातली सगळ्यात वेगवान धावपटू, तिला सगळे वावटळ म्हणत, तिला पलंगावर झोपवलं. मनगटांना, घोट्यांना माझे चिमटे लावले. "जरा हसा," फोटोग्राफर म्हणाला. फोटो निघाला, टाळ्या झाल्या, चिमटे सुटले. माझं बटण कुणी दाबलंच नाही! अहो, मी बंद होतो, बंद! फोटो मात्र भिंतीवर चढला, आणि माझ्या डोक्यावर चषक रचले गेले.

एकदा सरावात धावता धावता वावटळ कोसळली. लगेच उठलीही, तरी प्रशिक्षक तिला दवाखान्यात घेऊन आले. तिची आई धावतच आली. "सर, हिचा मामा ऐन तारुण्यात असाच खेळताना गेला. हिचं हृदय तपासा ना."

"ताई, झालीय की तपासणी!" प्रशिक्षकांनी भिंतीकडे बोट केलं. "तो काय फोटो!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बरं, माणूस खोटारडा असता तर एक वेळ चाललं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की तपासणी झाली!

"मग डॉक्टर काय म्हणाले?" आईने विचारलं. सर फोटोत डॉक्टर शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी निवडीची शर्यत होती. वावटळ हट्टाला पेटली होती, "आई, पळू दे ना गं!" आई बधली नाही. तिने सकाळीच एका हृदयतज्ज्ञ बाईंना गाठून संकुलात आणलं. बाईंनी चषक खाली ठेवले, माझी धूळ पुसली आणि बटण दाबलं. माझ्या रेघा पाहून त्या गंभीर झाल्या. "खेळाडूचं हृदय संथ चालतं, ते ठीक. पण हे तसलं नाही. ही आज धावणार नाही."

इस्पितळातल्या पुढच्या तपासण्यांत कळलं, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा तो आजार मामाकडच्या घराण्यातला होता.

मित्रांनो, धावताना कुणी कोसळलं, छातीत दुखलं, घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलं असेल, तर तब्येत ठणठणीत दिसते म्हणून गप्प बसू नका. खेळ थांबवा, हृदयतज्ज्ञांना दाखवा. आणि आम्हाला शोभेला ठेवू नका हो!

परवा वावटळ आली. उपचार चालू आहेत, स्पर्धा बंद. तिने माझ्या टेबलाला सणसणीत लाथ घातली. "तुझ्यामुळे झालं सगळं!" ओरडली आणि रडायला लागली. आई दारातच उभी होती.

"घाल बाळा, अजून एक घाल," ती म्हणाली, आणि हसता हसता तिलाही रडू फुटलं.