सव्वा तासाचा भाऊ

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे. जालन्यात, मस्तगडच्या एका मारवाडी घरात माझा जन्म गेला. इथे मला बाजोट म्हणतात. माझ्यावर कोणी जेवायला बसत नाही. घरात लग्न निघालं की मामा मायरा घेऊन येतो, म्हणजे आपल्या बहिणीसाठी चुनरी आणि कपडे. तो माझ्यावर उभा राहतो, बहीण त्याला टिळा लावते आणि तो तिच्या डोक्यावर चुनरी घालतो. भावाचं वजन पेलायचं, एवढंच माझं काम.

या घरच्या संतोषबाईंच्या थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांचे भाऊ गिरधारीलाल हैदराबादहून छोट्या लाइनच्या गाडीने आले होते. रात्रभर बसून, केसांत कोळशाची भुकटी घेऊन, आणि तेही दोन दिवस आधी. ते उभे राहिले तसा मी करकरलो. संतोषबाई म्हणाल्या, "तूप खाऊन आल्ता काय रे गिरधारी? पाट मोडशील."

माझा कोपरा खरंच तडकला. भुजंगमिस्त्रींनी त्याला लोखंडी पट्टी मारली. ती पट्टी मी दागिन्यासारखी मिरवली.

यंदा संतोषबाईंच्या नातीचं, कनिकाचं लग्न ठरलं. आता भावाची वाट पाहायची पाळी कनिकाच्या आईची, म्हणजे संतोषबाईंच्या सुनेची, शिखाची होती. तिला एकच भाऊ, अमन, तोही हैदराबादेत. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणून तेवढाच उरलेला. शिखाने मला माळ्यावरून काढलं, तेलाचा हात दिला, पट्टीचा गंज घासला. 'आदल्या दिवशी ये', असं अमनला तीनदा कळवलं.

तो फोनवर हसला. "जीजी, हवेतून साडेचारशे किलोमीटर पण न्हाई. सव्वा तास. सकाळच्या विमानाने उतरलो की गाडीने बराबर पोचतो."

संतोषबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "सव्वा तास विमानाला लागतो. माणसाला किती लागतो, ते विचार त्याला."

शिखाने विचारलं नाही.

मायऱ्याचा मुहूर्त अकराचा होता. साडेसातलाच अमनचा फोन आला. घरून निघायला उशीर झाला, रस्त्यात गर्दी लागली, विमानतळावर पोचला तेव्हा सामान घेणारी खिडकी बंद झाली होती. पुढचं विमान दुपारनंतर. मुहूर्त थांबणार नव्हता, म्हणून कोणीतरी तोड काढली. तांब्याला टेकवून माझ्यावर फोन उभा केला. काचेत अमन दिसत होता. मित्रांनो, त्याचं वजन मला कळलंसुद्धा नाही.

शिखाने कुंकवात बोट बुडवून काचेतल्या कपाळाला टेकवलं. ओलं बोट घसरलं आणि फोन कट झाला. कोणी हसलं नाही. तिने काळ्या काचेला ओवाळलं. डोक्यावर चुनरी पडलीच नाही.

दिवेलागणीला, कनिकाची पाठवणी झाल्यावर, अमन आला. मांडववाले खुर्च्या उचलत होते. चुनरी पुढे करून तो म्हणाला, "जीजी, बाजोट मांड. आलो ना मी."

"मायरा एकदाच होतो रे," शिखा म्हणाली. "जेवून घे. मंग नीघ. सव्वा तास तर आहे."

मी पुन्हा माळ्यावर आहे. मित्रांनो, कोणी वाट पाहत असेल तर आकाशातलं अंतर मोजू नका. आपल्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत मोजा. लांबचा माणूस लवकर निघतो, जवळचा निघतच नाही. काचेवरून ओघळलेला कुंकवाचा एक थेंब माझ्यावर वाळला आहे. निदान तो पुसायला तरी कोणी वर चढा.