रबरी बोंडांचा हेडफोन

मुंजाजीरावांचं तोंड बंद करता येत नव्हतं, म्हणून संध्यानं आपले कान बंद करायचं ठरवलं.

२००६ सालची गोष्ट. संध्या खिल्लारे आणि मुंजाजीराव दोघं वसमतच्या एका सरकारी कचेरीत कारकून. दोघांची घरं हिंगोलीत, त्यामुळे सकाळी सव्वाआठची एसटी गाडी दोघांचीही. जायला दीड तास, यायला दीड तास. जूनमध्ये खात्याची परीक्षा होती. कचेरीत वरची जागा एकच रिकामी होती आणि परीक्षेला बसणारे हे दोघंच होते.

मुंजाजीराव पन्नाशीला आलेले. दोनदा नापास झालेले, आता तिसरी आणि शेवटची संधी. संध्या एकोणतीस वर्षांची, तिची ही पहिलीच. वैराला एवढं कारण दोघांना पुरेसं होतं.

घरी संध्याला पुस्तक उघडता येत नसे. दोन वर्षांची मुलगी आणि दम्यानं बेजार झालेली सासू, जनकाबाई. उरला तो गाडीतला वेळ. पण वाटेतल्या औंढ्याच्या रस्त्यावर पुस्तक धरलं की तिला मळमळायचं. मग तिनं पुण्याच्या भावाकडून एमपी-थ्री प्लेअर मागवला, पहाटे उठून स्वयंपाकघराचं दार लावून नियमांची पुस्तकं मोठ्यानं वाचली आणि स्वतःचाच आवाज त्यात भरून घेतला. रजेचे नियम, निवृत्तिवेतनाचे नियम, शिस्त आणि अपील.

प्लेअरसोबत आलेल्या बारक्या हेडफोनमधून पहिल्या दिवशी तिला काय ऐकू आलं? गाडीच्या खिडक्यांचा खडखडाट, इंजिनाची घरघर आणि मागच्या बाकावरून मुंजाजीराव.

"आता परीक्षा बी गाणे ऐकत देतेत काय रे लोकं?"

सोबतचे दोघं-तिघं पत्ते पिसता पिसता हसले.

"त्याइला कशाला लागते अभ्यास? आडनाव लिवलं का पास. मरमर आमी करावी, आन् कागद त्याइचे पुढं सरकावं."

संध्या मागे वळली. "मुंजाजीराव, पेपर मला बी तोच हाय आन् तुमाला बी तोच. पासाचे मार्क बी तेवढेच. दोन खेपा तुमाला कुणी आडवलं होतं?"

पत्ते पिसणं थांबलं. त्या दिवसापासून मुंजाजीराव मुद्दाम तिच्या मागच्या बाकावर बसू लागले. पेपर मोठ्यानं वाचायचे, बातमीवर बोलायचे, बोलता बोलता तिच्यावर यायचे. तिनं बाक बदलला की तेही बदलायचे.

हिंगोलीच्या बसस्टँडसमोर गोपीचंदचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. संध्या शनिवारी संध्याकाळी तिथं गेली.

"हेडफोन दाखवा. रोज तीन तास घालायचा हाय. बाहेरचं काई ऐकू नाई आलं पायजे."

गोपीचंदनं तीन नमुने काचेवर टाकले. पहिल्याला पत्र्याची पट्टी आणि स्पंजाच्या चकत्या होत्या. तो तिनं लावून लगेच काढला. रस्त्यावरच्या ऑटोरिक्षा त्यातून तिच्या कानात शिरत होत्या.

दुसरा मोठा, सगळा कान झाकणारा, मऊ गादीचा. तो लावल्यावर दुकानच लांब गेल्यासारखं वाटलं. संध्या तिथल्याच स्टुलावर बसून राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"बाई, बसायला धरमशाळा हाय का इथं?"

"रोज तीन तास घालायचा हाय. दहा मिंटं बी नको बघू?"

पंधराव्या मिनिटाला कानामागं घाम सुटला. वरची पट्टी अंबाड्यावर टेकत होती आणि धुळीसाठी बांधायचा स्कार्फ त्यावरून बसत नव्हता. पर्समध्ये घालून पाहिला, तर डबा बाहेर काढावा लागला. एप्रिल-मे यायचा होता. तिनं तो बाजूला ठेवला.

तिसऱ्याला टोकाशी रबराची बोंडं होती, कानाच्या भोकात बसवायची. सोबत लहानमोठ्या बोंडांच्या तीन जोड्या.

"हे कानात घालून बघायचं नसते," गोपीचंद म्हणाला. "एकानं घातलं का दुसरा घेत नाई."

"मग मी काय वासावरून घिऊ?"

तिनं रुमालानं पुसून मधली बोंडं घातली. अर्ध्या मिनिटात आत दुखायला लागलं. ती काढून सगळ्यात बारीक लावली, जराशी पिळून आत सरकवली, आणि सगळा आवाज बाहेरच राहिला. तिनं हातानं खूण करून दुकानातला टीव्ही मोठा करायला लावला. वर मिक्सर चालू करायला लावला. गोपीचंदचे ओठ हलताना दिसत होते. तो नक्की शिव्या देत असणार. पण तिला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येत होता: अर्जित रजा, परिवर्तित रजा.

"देऊन टाका," ती म्हणाली. गुंडाळून मुठीत मावणारा तो हेडफोन तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

सोमवारपासून मुंजाजीराव तिच्यासाठी संपले. ते मागे बसत, ती बोंडं घालून वरून स्कार्फ बांधी, डोळे मिटून घेई आणि वसमत येईपर्यंत नियम ऐकत राही. दोन आठवड्यांत तिला कलमं तोंडपाठ होऊ लागली. मुंजाजीरावांनी आवाज चढवून पाहिला. बाकाच्या पाठीवर चापटी मारून पाहिली. एकदा औंढ्याच्या थांब्यावर त्यांनी सगळ्यांदेखत तिच्या कानातली वायर ओढली.

"आवं म्याडम, माणसं बोलून राहिलीत तुमच्याशी!"

संध्या उठून उभी राहिली.  "आजपासून माझ्याशी एक शबुद बोलायचा नाई. वायरीला हात लावायचा नाई. बाकाला बी हात लावायचा नाई. मी जित्ती हाय का मेली ते बी इचारायचं नाई तुमी. सगळे ऐकून राहिलेत. कंडक्टर, तुमी बी ऐका."

"बराबर," मुंजाजीराव म्हणाले. "नाई बोलणार."

आणि त्यांनी शब्द पाळला. मार्च गेला, एप्रिल गेला. कचेरीत फायली शिपायाच्या हातून जात. गाडीत ते तिच्याकडे पाहतही नसत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, लग्नसराईत, गाडी दाटून भरली होती. संध्या खिडकीशी बसली होती आणि शेजारची एकच जागा रिकामी राहिली होती. मुंजाजीराव थोडा वेळ दांडीला धरून उभे राहिले, मग मुकाट्यानं तिच्या शेजारी टेकले. दोघांच्या मध्ये त्यांनी आपली पिशवी ठेवली. संध्यानं स्कार्फ नाकावर ओढला आणि डोळे मिटले.

औंढा मागे पडल्यावर गाडी थांबली. तिला ते कळलं. थांबा असेल म्हणून तिनं डोळे उघडले नाहीत. बाक हलला, शेजारचं माणूस उठलं. बरं झालं, असं तिला वाटलं. डिझेलचा वास नेहमीचाच होता, आज जरा जास्त. कानात शिस्तभंगाच्या कारवाईचं प्रकरण चालू होतं.

मग कुणीतरी तिचा दंड असा धरला की बांगड्या मांसात रुतल्या. तिनं डोळे उघडले. समोर धूर होता. पुढच्या बाकांवर एकही माणूस नव्हतं. तांड्यावरची एक म्हातारी तिला ओढत होती आणि तिचं तोंड मोठं उघडलेलं होतं. संध्यानं कानातलं एक बोंड ओढून काढलं.

"ऊठ गं बाई! गाडी पेटली! बयरी हायेस का?"

इंजिनाच्या झाकणाखालून जाळ वर येत होता. पायऱ्या उतरताना संध्याची चप्पल सुटली. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली गाडीतली सगळी माणसं उतरून उभी होती, कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या कडेवर पोरगं. ड्रायव्हर आणि कंडक्टर ओंजळीनं माती टाकत होते. म्हातारीनं तिला एका दगडावर बसवलं. नानीबाई तिचं नाव. ती खाली उतरली होती, आणि खिडकीत अजून एक डोकं दिसतं म्हणून परत चढली होती.

संध्यानं मान वर केली. मग तिला मुंजाजीराव दिसले. सगळ्यांच्या मागे, पिशवी काखेत धरून. ती अनवाणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमी माझ्या शेजारी होते."

मुंजाजीरावांनी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली.

"मला काहून उठवलं नाई?"

"तुमीच म्हणले होते," ते म्हणाले. "जित्ती का मेली ते इचारायचं नाई. सगळ्याइनं ऐकलं हाय."

 संध्याला वाटलं, आपण यांच्या तोंडात मारणार. हात उचललाही होता. पण नानीबाई मध्ये आली. बोट रोखून ती म्हणाली, "माणूस हायेस का धोंडा? जनावर बी जाळात दावं तोडून घेते आन् मंग बाकीच्याइसाठी हंबरते. तू हंबरला बी नाई!"

"तुमचं काय काम हाय यात, बाई?"

"काम? मी गेली होती आत. हे माझं काम!"

जाळ लवकर आटोक्यात आला. पुढचे दोन बाक तेवढे काळे झाले. पुढच्या गाडीत सगळे कोंबून बसले, तीही आणि तेही. 

दुसऱ्या दिवशी संध्यानं तक्रारीचा अर्ज लिहिला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"यात मी काय लिहू, खिल्लारेबाई? मारलं नाही, शिवी दिली नाही. बोलले नाहीत, एवढंच. ते कोणत्या नियमात बसवू?"

शिस्त आणि अपीलचे नियम तिला पाठ होते. ते कोणत्याच नियमात बसत नव्हतं. तिनं अर्ज परत घेतला आणि साहेबांच्या टेबलासमोरच फाडला. तिला स्वतःचाही राग आला होता. रात्रभर तिला धूर दिसत होता, आणि त्या धुरात आपणच घातलेली अट ऐकू येत होती.

संध्याकाळी ती गोपीचंदकडे गेली.

"हे बदलून द्या."

"कानात घातलेलं परत घेत नसतो, म्हणलं होतं ना मी. काय बिघडलं त्यात?"

"काईच नाई बिघडलं. फार चांगलं हाय. त्यामुळंच मरत होते."

गोपीचंदला काही कळलं नाही आणि त्याला कळून घ्यायचंही नव्हतं. दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी तिनं जुना तसाच पर्समध्ये टाकला आणि दुसरा मागितला: कानावर नुसता टेकणारा, बारीक गादीचा, मधून मोडून घडी घालता येणारा. पट्टी मानेमागून जाणारी, म्हणजे अंबाडाही नडत नव्हता आणि स्कार्फही बसत होता. बाहेरची घरघर त्यातून निम्मी व्हायची. माणसाचं ओरडणं मात्र ऐकू यायचं. तिनं गोपीचंदला म्हटलं, "ओरडा."

"काय?"

"मला हाक मारा. जोरात."

"ओ बाई! जाता का आता!"

"ऐकू आलं," ती म्हणाली. "बांधून द्या."

त्यानंतर ती कंडक्टरच्या शेजारच्या बाकावर बसू लागली. मुंजाजीरावांचा आवाज निम्मा ऐकू यायचा, पण ते आता कुणाशीच फारसं बोलत नव्हते. पत्ते खेळणाऱ्यांनीही आपली टोळी पुढच्या बाकावर नेली होती. गाडीतली गोष्ट वसमतपर्यंत पोचली होती.

परीक्षा झाली. दिवाळीच्या आधी निकाल लागला. संध्या पास झाली. मुंजाजीरावांचे एका पेपरात चार मार्क कमी पडले. त्या दुपारी ते पहिल्यांदा तिच्या टेबलाशी आले.

"झालं का समाधान?"

"झालं," संध्या म्हणाली. खोटं बोलायचं तिला काहीच कारण नव्हतं.

ते उभे राहिले, मग आपल्या जागेवर जाऊन फाईल उघडून बसले. पान मात्र उलटलं नाही.

वरची जागा तिला मिळाली, आणि वर्षभरानं सेनगावला बदलीही. निरोपाला पेढे, शाल, दोन भाषणं झाली. मुंजाजीराव कार्यक्रमाला थांबले नाहीत. पण हिंगोलीला जाणारी संध्याकाळची गाडी एकच होती. संध्या चढली तेव्हा ते खिडकीशी बसलेले होते. बाकीची गाडी जवळपास रिकामी होती. ती मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसली. हेडफोन तिनं काढलाच नाही पर्समधून.

"निरोपात माझं नाव घेतलं का?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"बरं केलं."

गाडी वसमतबाहेर पडली. दोन्ही बाजूंना हळदीची रानं होती.

"एक इचारते," संध्या म्हणाली. "खरं सांगा. मी जळून गेले असते तर?"

मुंजाजीराव खिडकीबाहेर पाहत राहिले. "मला वाटलं, कोणी तरी उठवील."

"कोणी तरी म्हंजे कोण?"

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.  ती वाट पाहत राहिली. औंढ्याचा थांबा आला तेव्हा ते पिशवी घेऊन उठले. हिंगोली अजून पंचवीस किलोमीटर होती, तिकीटही हिंगोलीचंच होतं. तिच्या गुडघ्यांना धक्का देत ते बाहेर पडले, मागे न पाहता उतरले आणि थांब्यावरच्या गर्दीत शिरले. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मग घंटी दिली.