बारा दात

ओळखीपाळखीत सगळे त्याला घरकोंबडा म्हणत आणि त्याला ते भूषण वाटे. चांगल्या पगाराची नोकरी सोडून हा माणूस वर्षापूर्वी घरी बसला होता. मुलांसाठी. चार वर्षांची लेक आणि दीड वर्षाचा धाकटा, यांच्याभोवती घर कसं उभं करायचं हे तो आता इतर आईबापांना शिकवत असे. कॅमेऱ्यासमोर, दार लावून. दार लावल्याशिवाय शिकवता येत नसे, कारण बाहेर मुलं असत.

त्या दारावर त्यानं एक लाकडी पाटी टांगली होती. एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं हिरवी. लाल म्हणजे बाबा कामात, हिरवी म्हणजे बाबा मोकळे. लेकीला वाचता येत नव्हतं, पण रंग पक्के झाले होते. दिवसातून दहा वेळा ती पाटी बघून येई आणि पुन्हा आईच्या पायांत घुटमळे. संध्याकाळी अर्धा तास पाटी हिरवी होई. त्या अर्ध्या तासात मुलांचे फोटो काढले जात.

त्याची बायको एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि ती मेणात एकेक दात असा बसवायची की म्हातारी माणसं पुन्हा निर्धास्त हसू लागत. मालकीणबाई अवघड कामं तिच्यासाठीच राखून ठेवत. धाकट्याच्या वेळी तिनं काम सोडलं. नवरा घरी राहायला लागला की सकाळची पाळी पुन्हा धरायची, असं दोघांचं ठरलं होतं. वर्ष उलटलं. विचारलं की तो म्हणे, जरा जम बसू दे. जम बसायचा तेव्हा बसेल, हा मात्र ऐसपैस बसला होता.

आज सकाळी मालकीणबाईंचा निरोप आला. पाच वाजेपर्यंत हो की नाही ते कळव, नाहीतर उद्यापासून तुझ्या जागी दुसरी. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, आज नको हा विषय, आज पाहुणे आहेत.

पाहुणे म्हणजे सहा जोडपी. घरकोंबड्याचं घर प्रत्यक्ष बघायला साडेतीनला येणार होती. तिनं फरशी पुसली, खेळणी आवरली, तेरा कप मांडले. स्वतःचा धरलाच नव्हता. त्यानं पाटी हिरवी केली. एवढं एक काम त्यानं कुणी न सांगता केलं.

जोडपी बसली आणि तो सुरू झाला. मुलांचं लहानपण एकदा निसटलं की निसटलं, ते आपल्या डोळ्यांदेखत गेलं पाहिजे, असं तो अशा काही आवाजात म्हणाला की दोघीतिघींनी डोळे टिपले. बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हातात ट्रे होता.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका बाईनं साधाच प्रश्न विचारला. तिचं बाळ दात येताना फार किरकिर करत होतं.

"तुमच्या धाकट्याला किती दात आलेत?"

घरकोंबड्यानं क्षणभर छताकडे पाहिलं. "चार," तो म्हणाला. "पाचवा डोकावतोय."

बायकोनं ट्रे खाली ठेवला. ती काही बोलायच्या आत लेकच बोलली.

"बारा आहेत. आई रोज मोजते. बाबा, तुझी पाटी लाल असते ना, म्हणून तुला माहीत नाही."

पोरीनं बापाला सांभाळूनच घेतलं होतं. त्यानं कॅमेऱ्यासमोरचं हसू बाहेर काढलं, पण ते काही नीट बसेना. नीट न बसलेली कवळी बायकोला लांबूनही ओळखू येत असे.

घड्याळात सव्वाचार झाले होते. तिनं सगळ्यांसमोर उभ्याउभ्याच फोन लावला.

"बाई, उद्या नऊला येते. हो, रोज. नाही, मुलांचा काही प्रश्न नाही. त्यांचे बाबा घरीच असतात."

कोपऱ्यातल्या बाईनं जोरात मान डोलावली. बाकीच्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. घरकोंबड्याला नाही म्हणायची सोयच उरली नाही, वर्षभराची व्याख्यानं आडवी आली.

पाहुणे गेल्यावर त्याला वाचा फुटली. उद्या दहाला माझं शिकवणं आहे, निदान आधी विचारायचंस, लोकांसमोर असं कुणी करतं का, वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग दारावरची पाटी खिळ्यावरून काढून धाकट्याच्या हातात दिली. त्यानं ती लगेच तोंडात घातली आणि लाल बाजूचा रंग दातांनी कराकरा खरवडायला घेतला. तिनं धाकट्याला उचललं, पाटी काढून घेतली आणि त्याला बापाच्या मांडीवर ठेवलं.

"मोज," ती म्हणाली. "बोट घालून मोज. चावतो तो."

बाप सातव्या दातापर्यंत पोचला आणि कळवळून त्यानं बोट बाहेर काढलं. शेजारी येऊन बसलेल्या लेकीनं त्याला पुन्हा एकपासून सुरू करायला लावलं.